बेबाबाईचे चाळीस दिवसांचे तेल

दिनांक ४ मे २०२५, रविवार. मौजे निंबखेडे, तालुका एरंडोल. यात्रा समितीची तातडीची बैठक, मारुती मंदिर, सकाळी नऊ. इतिवृत्त वहीचे पान त्रेसष्ट : "बेबाबाई कौतिक चौधरी यांनी जुन्या पद्धतीने शिजवलेले तेल कच्चे राहिल्याने गाडीचे लाकूड आतून कुजले व त्यामुळे अपघात घडला, असे सर्वानुमते नमूद करण्यात येते." खाली सात सह्या आहेत. बेबाबाईंना बैठकीस बोलावले नव्हते. ज्याचा पाय गेला तो नवल तेव्हा धुळ्याच्या रुग्णालयात होता. मलाही बोलावले नव्हते. बोलावले असते तर मी गेलो असतो की नाही, हे आज खात्रीने सांगता येत नाही.

हे वाक्य खोटे आहे. ते खोडले जावे म्हणून मी सहा महिन्यांत चार अर्ज दिले. एकाचेही उत्तर आले नाही. ज्या बाईच्या नावावर ते वाक्य आहे, ती गेल्या पौषात वारली. म्हणून आता अर्ज लिहिणे सोडून हे लिहीत आहे.

बेबाबाई सतराव्या वर्षी लग्न होऊन निंबखेड्यात आली. सासरी बैलाचा लाकडी घाणा होता. तीळ, करडई, शेंगदाणा, आणि हिवाळ्याच्या अखेरीस जवस. एरंडोलला विजेवरच्या घाण्या आल्या तसे खाण्याचे तेल लोक तिकडून आणू लागले आणि बैल विकला गेला. तिच्या नवऱ्याकडे, कौतिकभाऊंकडे, एकच काम उरले, ते कोणतीही गिरणी करून देत नव्हती : जवसाचे तेल शिजवून लाकडाला पाजण्याचे. दाराची चौकट, पाभर, नांगराचा इसाड, बैलगाडी, ज्याला ऊन आणि पाऊस दोन्ही सोसायचे आहेत, त्याला हे तेल. ते रंगासारखे वर बसत नाही. लाकडात उतरते आणि तिथे वाळून घट्ट होते. पाणी आत शिरत नाही, आणि आतली ओल मात्र बाहेर पडू शकते. मी रसायनशास्त्र शिकवतो. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना एका तासात समजावतो. कौतिकभाऊंना ती चार पिढ्यांत समजली होती.

१९९४ साली कौतिकभाऊ गेले. कढई बेबाबाईंनी चुलीवर चढवली. त्या वेळी गावात कुजबुज झाली, कारण या तेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक देव होते.

आमच्या गावी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी खंडेरावाच्या बारागाड्या ओढतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात, त्यांवर माणसे बसतात, आणि नवसाचा भगत त्या ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोघे जण हात देऊन चालतात, त्यांना बगले म्हणतात. बैल नसतो. या बारा गाड्यांना महाशिवरात्रीला जवसाचे तेल पाजले की त्या देवाच्या होतात, आणि मग यात्रा होईपर्यंत बाईने त्यांना हात लावायचा नाही. तेल बाईने शिजवले तर चालेल का, यावर १९९४ मध्ये दोन बैठका झाल्या. दुसरा कोणी शिजवणारा नाही, हे लक्षात आल्यावर चालेल असे ठरले. तीस वर्षे त्यांनी ते तेल शिजवले. यात्रेच्या दिवशी भोंग्यावरून नारळ देणाऱ्यापासून मांडव घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे घेतली जात. बेबाबाईंचे नाव कधी घेतले गेले नाही. त्यांनीही ते कधी मागितले नाही.

२००९ मध्ये मी पीएच.डी.च्या कामासाठी त्यांच्या अंगणात जाऊन बसू लागलो. माझा विषय होता वनस्पतिजन्य तेलांपासून संरक्षक लेप. खनिज तेलातून येणारी रसायने संपणारी आहेत आणि घातक आहेत, म्हणून जगाने पुन्हा जवस, एरंडी, करंज यांच्याकडे वळावे, असे माझ्या प्रस्तावनेत लिहिलेले होते. कढईत उकळणाऱ्या तेलात त्या एक पिवळी भुकटी चिमटीने सोडत. ती मुरदाडशिंग होती, म्हणजे शिशाची भस्म झालेली भुकटी. तिने तेल बारा दिवसांत वाळत असे. गावात म्हणच होती : बारा गाड्या, बारा दिन.

"अक्का, हे विष आहे," मी म्हणालो.

"आम्ही काय खातस का ते, भाऊ? लाकूडले पाजतस."

"धुरातून तुझ्या छातीत जातं. गाडीवर बसून पोरं भाकरी खातात, त्यांच्या बोटांतून पोटात जातं."

त्या थोडा वेळ ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना मालकना हात शेवटले थरथरे. पाणीना पेला धरता ये ना. ते यानाच का?"

"असू शकेल."

"तू पैहले का नही वना?"

 कौतिकभाऊ गेले तेव्हा मी नववी-दहावीत होतो.

भुकटीची पुडी त्यांनी त्याच दिवशी परसात पुरली आणि मला विचारले, आता तेल किती दिवसांत वाळेल. मी म्हणालो, उशिरा वाळेल. "कितला उशीर?" मला सांगता आले नाही. पुस्तकातले आकडे थंड देशातले होते आणि काचेच्या पट्टीवरचे होते. बाभळीच्या जाड दांडीचे नव्हते. तो आकडा बेबाबाईंनी काढला. बाभळीचे चौदा तुकडे तेल पाजून त्यांनी पत्र्यावर मांडले आणि दर दिवशी भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली. वरून बोट लावून त्या कधीच पाहत नसत. वरचा थर लवकर सुकतो आणि फसवतो, असे त्यांचे म्हणणे. सरकी काढलेल्या कापसाचा पेळू लाकडाच्या खाचेत दाबून धरायचा, आणि उचलल्यावर एकही तंतू मागे राहिला नाही, तरच तेल आतपर्यंत वाळले असे समजायचे. दोन उन्हाळे त्यांनी हे केले. दोन्ही वेळा रेघा चाळीस भरल्या.

हा आकडा, ती खाच आणि तो पेळू माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहेत. पदवी मिळाल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "मनं नाव टाकं का तुना पुस्तकमा?"

"तशी पद्धत नसते, अक्का. 'स्थानिक स्रोत' असं लिहितात."

"म्हंजे मीच ना?"

"तूच."

"मंग चालीन," त्या म्हणाल्या आणि पेढा अर्धा करून अर्धा मला दिला.

पद्धत नसते हेही खोटे होते. आभाराच्या पानावर मी मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, टंकलेखकाचे आणि पत्नीचे नाव लिहिले आहे.

पुढची तेरा वर्षे काही बिघडले नाही. महाशिवरात्रीपासून आखाजीपर्यंत दोन महिने सहज मिळत, चाळीस दिवस त्यात सामावून जात. म्हणूनच आकडा बदलला आहे हे गावाला कळण्याची वेळ आली नाही. म्हण बाराचीच राहिली.

२०२४ साली सुरतेला स्थायिक झालेल्या आमच्या गावच्या गिरधरने बाराही गाड्यांना रंग देण्याचे ठरवले. लाल-पिवळा चकचकीत रंग आणि तो लावणारे चार कारागीर त्याने सुरतेहून पाठवले. कारागीर होळीला आपल्या गावी जाणार होते, त्याआधी काम उरकायचे होते. महाशिवरात्र ८ मार्चला झाली होती. २० मार्चला सकाळी समितीचे अध्यक्ष तोताराम आबा डबे घेऊन गाड्यांपाशी आले. गाड्या बेबाबाईंच्या घरासमोरच्या पत्र्याच्या छपराखाली उभ्या असतात. पुढचे मी नवलकडून आणि स्वतः आबांकडून ऐकले आहे. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

बेबाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आबा, आते रंग नका लावू. तेल आखो ओलं शे."

"अक्का, बारा दिन व्हयी ग्यात. बारा गाड्या, बारा दिन. तुना सासराना तोंडनं शे हाई."

"तवय मुरदाडशिंग व्हतं. आते चाळीस दिन लागतस."

"चाळीस दिन?" आबा माणसांकडे वळून म्हणाले, "बाळंतीण शे का गाडी, चाळीस दिन बसाडाले?"

सगळे हसले. बेबाबाईही हसल्या असाव्यात. त्या अशा वेळी हसत. मग म्हणाल्या, "मना इसवास नही ना, त किरनसरले फोन करा."

आबांनी फोन केला. मी परीक्षेच्या खोलीबाहेर उभा होतो, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तेलावर रंग चालेल का, असे त्यांनी विचारले. "वाळलं असेल तर चालेल," मी म्हणालो. किती दिवस झाले, हे मी विचारले नाही. कोणत्या गाड्या, हेही विचारले नाही. संभाषण अर्ध्या मिनिटात संपले.

आबांनी दांडीवर बोट दाबले आणि कोरडे बोट वर करून दाखवले. बेबाबाई गाडीला हात लावू शकत नव्हत्या. त्यांनी घरातून कापसाचा पेळू आणला आणि नवलकडे फेकला. नवल समोरच्या घरातला, तिशीचा, दर वर्षीचा बगला. "खाचमा दाबी देख, नवल." नवलने सातव्या गाडीच्या दांडीला, जिथे ती जुवाला जोडली जाते त्या खाचेत पेळू दाबला आणि उचलला.

"तंतू चिकटी ऱ्हायनात, अक्का."

"थोडाफार त चिकटतीलच," आबा म्हणाले. "सरनी सांगं ना, चालीन म्हनी."

रंग लागला. त्या वर्षीची यात्रा थाटात झाली. बारा गाड्या ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा नव्या नवरीसारख्या दिसत होत्या, असे पुष्कळांनी म्हटले. मीही छायाचित्रे काढली. यात्रेनंतर रंगावर धूळ बसू नये म्हणून समितीने गाड्यांवर प्लास्टिकचा जाड कागद बांधला. पुढच्या महाशिवरात्रीला तेल पाजलेच नाही. रंग चकाकत असताना तेल कशाला, असे ठरले. तीस वर्षांत प्रथमच बेबाबाईंची कढई चढली नाही.

जे आत घडत होते ते कोणालाही दिसले नसते. खालचे तेल ओले असताना वर बसलेला रंग सांध्यांपाशी सुरकुतून तडकला. यात्रेआधीच्या देवस्नानाचे पाणी आणि पावसाळ्यात छपरातून गळलेले पाणी त्या तडांतून आत गेले. बाहेर पडायला वाट उरली नव्हती. रंगाने ती बुजवली होती आणि उरलेली प्लास्टिकने.

१ मे २०२५ रोजी दुपारी पाच वाजता, गाड्या निम्मे अंतर चालून गेल्यावर, सातव्या गाडीची दांडी सांध्यापाशी तुटली. ती आणि तिच्या मागच्या पाच गाड्या तिरप्या झाल्या. नवल भगताच्या हाताला होता. ओरडा ऐकून तो मागे धावला आणि एका म्हातारीला बाजूला लोटताना सातव्या गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले. धुळ्याला गुडघ्याखाली पाय कापावा लागला. तुटलेल्या दांडीचा तुकडा मी नंतर प्रयोगशाळेत आडवा कापून पाहिला. वर रंगाचा थर आरशासारखा होता आणि आतले लाकूड भिजलेल्या पेंडीसारखे बोटाने उकरता येत होते. त्याच दांडीच्या मधल्या भागात, जिथे रंग तडकला नव्हता, तेल नखभर खोल उतरून खणखणीत वाळले होते. तिथे करवत जड जात होती.

चौथ्या दिवशी ते वाक्य लिहिले गेले. पोलिसांना कारण हवे होते. समितीचे किंवा देणगीदाराचे नाव घेतले असते तर चौकशी लांबली असती. सत्तरी ओलांडलेल्या विधवेचे नाव घेतल्यावर पुढे काही होणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते, आणि झालेही नाही. कागद बंद झाला.

गावाने बेबाबाईंना काही वाईट बोलले नाही. फक्त पाभरीला तेल न्यायला कोणी येईना. त्या नवलला भेटायला एसटीने धुळ्याला गेल्या. मी त्या दिवशी तिथे होतो. त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. नवलने त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"अक्का, तू कसाले वनी?" कशाला आलीस, एवढेच तो म्हणाला.

त्यांनी आणलेली दशम्यांची पुरचुंडी खाटेखाली ठेवली आणि त्या बाहेर आल्या. आम्ही जळगावच्या गाडीत बसलो. पारोळ्याच्या पुढे त्या म्हणाल्या, "तोबी तेच समजस."

जूनमध्ये त्यांनी मला बोलावून घेतले. "मना नावनं काय लिखेल शे, वाची दाखाड."

माझ्याकडे पानाची छायाप्रत होती. मी वाचून दाखवली. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी विचारले, यात माझे नाव कुठे आहे. मी त्यांचे बोट धरून त्या तीन शब्दांवर ठेवले. त्यांनी ते बोट बराच वेळ तिथेच ठेवले.

"इतलंसं शे?" त्या म्हणाल्या. मग, "खोडी टाक."

"ही प्रत आहे, अक्का. मूळ वही समितीकडे आहे. खोडणं माझ्या हातात नाही."

"तुना हातमा व्हतं तवय तरी तू कोठे लिखं?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. उत्तराची वाट न पाहता चहा ठेवायला उठल्या. मला त्या चहाची चव आठवत नाही.

२० जूनला मी पहिला अर्ज दिला. सोबत दांडीचा परीक्षण अहवाल, प्रबंधाचे चौथे प्रकरण आणि मी फोनवर दिलेल्या बेजबाबदार उत्तराची लेखी कबुली जोडली. ऑगस्टमध्ये दुसरा, ऑक्टोबरमध्ये तिसरा. तिसऱ्यानंतर तोताराम आबांनी मला पारावर गाठले. ते वाईट गृहस्थ नाहीत. नवलच्या घरचा शेतीचा भार त्यांनी स्वतःच्या मुलांवर टाकला आहे.

"सर, तुमनं बठ्ठं खरं शे," ते म्हणाले. "पन पोलिसासले तोच कागद दिधेल शे. आते खोडा म्हंजे आम्ही सात जन खोटा. तिले कोनी काय बोलनं का? कोनी दार बंद करं का? मंग ऱ्हाऊ द्या ना."

"तिला ते वाक्य सोसत नाही, आबा."

"तिले वाचता कोठे येस," आबा म्हणाले.

दिवाळीनंतर बेबाबाईंनी अंगणातली चूल मोडली. सून ज्योत्स्ना सांगत होती, त्या जेवताना मध्येच थांबून विचारत, "किरननी चिठ्ठी वनी का?" ज्योत्स्ना म्हणे, येईल. डिसेंबरात मी चौथा अर्ज दिला आणि त्यांना सांगायला गेलो. त्या अंथरुणावर होत्या. मी म्हणालो, या वेळी नक्की उत्तर येईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जिने आयुष्यभर वरवर कोरडे दिसणारे लाकूड पाहिले आहे आणि बोटावर कधी विश्वास ठेवलेला नाही. ११ जानेवारीला पहाटे त्या गेल्या.

अंत्ययात्रेला सातही सह्या करणारे हजर होते. आबांनी स्वतः लाकडे रचली. नवल कुबड्यांवर स्मशानापर्यंत आला. परतताना तो माझ्याबरोबर मागे राहिला.

"सर, त्या दिनले मी तिले तोंड दखाडू शकनू नही," तो म्हणाला. "पेळू मना हातमा व्हता. तंतू मी देखेल व्हतात. मी आडवा पडतू त रंग थांबता. पन मलेबी लाल गाडी आवडनी व्हती. ती वनी त मले लाज वाटनी."

"तिला वाटलं, तू तिला दोष देतोस."

नवल रस्त्याच्या कडेला थांबला. 

"तुम्ही सांगं नही का तिले?"

"मला माहीत नव्हतं."

"मीबी सांगं नही," नवल म्हणाला.

गेल्या महिन्यात जळगावला एका परिसंवादात मी बोललो. विषय होता वनस्पती तेले आणि शाश्वत संरक्षक लेप. सभागृहात हिरवे फलक होते आणि जवसाच्या फुलांचे मोठे चित्र. चाळीस दिवसांचा तक्ता दाखवताना मी प्रथमच बेबाबाई कौतिक चौधरी असे नाव घेतले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ते नाव नीट ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारले, आणि टिपून घेतले. चहाच्या वेळी त्यांनी विचारले की या बाईंशी संपर्क कसा होईल.

निंबखेड्यात आता ते तेल शिजवणारे कोणी नाही. कढई ज्योत्स्नाने जपून ठेवली आहे, पण आच किती, फेस कधी काढायचा, कोणत्या वासाला कढई उतरवायची, हे मी लिहून घेतलेले नाही. मी फक्त आकडा घेतला होता. या वर्षीही महाशिवरात्र तेलाविना गेली आणि गाड्यांना सुरतेचाच रंग लागणार आहे.

निंबखेड्याच्या आणि निंबखेड्यातून सुरत, पुणे, नाशिकला गेलेल्या वाचकांनो, तुमच्यापैकी निम्मे जण २० मार्च २०२४ ला त्या छपराखाली उभे होते. तुम्ही पेळूला चिकटलेले तंतू पाहिले आहेत आणि बेबाबाईंनी सांगितलेले चाळीस दिवस ऐकले आहेत. गुढीपाडव्याला, १९ मार्चला, सकाळी दहा वाजता मारुतीच्या पारावर यात्रा समितीची वार्षिक बैठक आहे. तिला या. पान त्रेसष्टवरील ते वाक्य खोडण्याचा ठराव मी मांडणार आहे. खाली खरे कारण लिहा : चाळीस दिवसांचे तेल बाराव्या दिवशी रंगाने झाकले, बेबाबाईंनी मनाई केली होती, आणि विचारले असता मी चौकशी न करता होकार दिला. माझे नाव पूर्ण लिहा. ठराव मताला टाकला जाईल तेव्हा हात वर करा.